बाटलीला किती टक्के?

"काय घेतलं होतं हिने?"
"सोजू."
"किती टक्के?"

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डात आमची मैत्रीण कॉटवर कुशीवर पडली होती. हात थंडगार, हाक मारली तरी नुसतं 'हं'. समोरच्या डॉक्टर ताई आमच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. दहावीच्या निकालापासून आपण हाच प्रश्न ऐकत आलोय. आणि मला उत्तर येत नव्हतं.

मला, म्हणजे ग्रुपच्या अधिकृत 'कोरियन एक्स्पर्ट'ला. अकरावीपासून के-ड्रामा बघतेय. मोठ्यांनी ग्लास भरला तर तो दोन्ही हातांनी धरायचा, त्यांच्यासमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं, आपला ग्लास आपण भरायचा नाही, हे सगळं मला पाठ. त्या दिवशी मैत्रिणीचा वाढदिवस होता आणि कोणती बाटली घ्यायची हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. दुकानात जाऊन घेतल्या त्या फ्लॅटवरच्या २६ वर्षांच्या ताईने. पण "पीचवाली घे गं, ज्यूससारखी लागते" हे वाक्य माझंच.

ज्यूससारखीच लागली. म्हणून वाढदिवसवालीने रिकाम्या पोटी तासाभरात दीड बाटली संपवली.

सकाळपर्यंत ती सावरली. सलाइन लागलं, दोनदा उलटी झाली, आणि पहिलं वाक्य बोलली ते "घरी सांगितलं नाही ना?" पण डॉक्टरांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी त्या बाटलीची पुढची बाजू दहा वेळा इन्स्टावर टाकली होती. मागची बाजू एकदाही वाचली नव्हती.

पप्पांचा फोन

दुसऱ्या दिवशी मी पप्पांना फोन केला. थोडं आमच्या घराबद्दल सांगते. आमचं गाव वाळवा तालुक्यात. पप्पा एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट ऑपरेटर आहेत. आणि पप्पा माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला वारी, आणि नोकरी दारू तयार होते तिथे. गावात यावरून थट्टा होते. पप्पा म्हणतात, "सोनाराच्या अंगावर सोनं असतंय का रोज?"

रात्री काय घडलं ते मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बाटली हाय का अजून? मागं बघ. कशापासून केलीय आणि टक्के किती, एवढं वाच."

वाचलं. १३ टक्के. ३६० मिली.

"मांड गणित."

तेच गणित तुमच्यासाठी इथे मांडते. ३६० मिलीचे १३ टक्के म्हणजे जवळजवळ ४७ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या ३० मिलीच्या एका स्मॉल पेगमध्ये साधारण १३ मिली अल्कोहोल असतं. म्हणजे पीचची एक बाटली म्हणजे साडेतीन पेगहून जास्त. दीड बाटली म्हणजे जवळपास साडेपाच. ५ टक्क्यांच्या बिअरच्या मोठ्या बाटलीत साडेबत्तीस मिली असतं. म्हणजे आमची ही 'ज्यूस'वाली छोटी बाटली त्या मोठ्या बिअरला मागे टाकते. साडेपाच पेग व्हिस्की समोर ठेवली असती तर आमच्या मैत्रिणीने हातही लावला नसता. साखर आणि पीचच्या वासाने तिला ते मोजूच दिलं नाही.

बिनफळाची नेहमीची हिरवी बाटली १६ टक्क्यांच्या आसपास असते. तिचं गणित साडेचार पेगवर जातं. ड्रामात हिरो ती एकट्याने संपवतो आणि पुढच्या सीनमध्ये रडत पुलावर उभा असतो. आता कळतं, का रडतो.

हिरव्या बाटलीत असतं काय?

पप्पांचा पुढचा प्रश्न होता, "कशाची केलीय?" मी म्हटलं, "तांदळाची असणार. कोरियन आहे ना."

मी चुकले होते. आणि या चुकीमागे साठ वर्षांची गोष्ट आहे.

आपल्याला माहीत असलेली हिरव्या बाटलीतली सोजू ही बहुतेक वेळा 'डायल्यूटेड' सोजू असते. टॅपिओका, रताळी, धान्य, जे स्वस्त मिळेल त्यापासून मोठ्या कॉलममध्ये ९५ टक्क्यांचं शुद्ध अल्कोहोल काढायचं, त्यात पाणी घालून ते १६-१७ टक्क्यांवर आणायचं आणि चवीला गोडी आणणारे पदार्थ मिसळायचे. त्या शुद्ध अल्कोहोलला कोरियन भाषेत 'जुजंग' म्हणतात.

हे ऐकल्यावर पप्पा हसले. "अगं, मग ते आमचं ईएनएच की!"

ईएनए म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. आमच्या भागातल्या डिस्टिलऱ्यांमध्ये ते मळीपासून बनतं. मळी पातळ करून यीस्ट घालायचं, ती आंबली की वाफेवर कॉलममधून चढवायची, असं करत ते ९५-९६ टक्क्यांवर न्यायचं. "ह्याला वासच नसला पायजे," पप्पा सांगतात, "वास आला म्हंजे माल फेल." चांगल्या ईएनएची परीक्षाच ही, की ते उसापासून आलंय की ज्वारीपासून, ते कळता कामा नये. पुढे त्यात रंग, चव, थोडं माल्ट घालून आपल्याकडची बरीच स्वस्त 'व्हिस्की' तयार होते. युरोपात अशा मळीच्या दारूला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथे व्हिस्की धान्याचीच लागते.

थोडक्यात, सियोलच्या पबमधली हिरवी बाटली आणि आमच्या तालुक्यातला टँकर दूरचे नातेवाईक निघाले.

तांदूळ गेला कुठे?

सोजूचा जन्म तेराव्या शतकातला. मंगोल फौजा कोरियात आल्या आणि त्यांच्यासोबत पश्चिमेकडून शिकलेली दारू गाळायची कला आली. केसाँग शहरात सोजूला 'अराकजू' असंही म्हणत. अरबी 'अरक'च तो. तोच शब्द आपल्याकडेही 'अरक' म्हणून पोचलाय. 'सोजू'चा शब्दशः अर्थ आहे जाळून काढलेली, म्हणजे आचेवरची दारू.

जुनी पद्धत अशी. गहू भरडून, ओला करून, त्याच्या वड्या दाबायच्या आणि त्यांच्यावर बुरशी धरू द्यायची. या वडीचं नाव 'नुरुक'. मळीत साखर आयतीच असते, तांदळात ती नसते. तांदळातल्या पिठाची साखर करायची आणि तिचं मद्य करायचं, ही दोन्ही कामं नुरुक एकाच भांड्यात करतं. मग ते आंबलेलं मिश्रण 'सोजुगोरी' नावाच्या दोन पोटांच्या मातीच्या भांड्यात तापवायचं. वर थंड पाण्याचं भांडं. वाफ वर जाऊन गार होते आणि बाजूच्या तोटीतून थेंब थेंब पडते.

हे ऐकताना पप्पांना एक गोष्ट सांगायचीच होती. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे भारी, असं समजतात. नीट काम करणारा डिस्टिलर पहिली धार बाजूला काढून टाकतो. सुरुवातीला जे हलकं येतं त्यात नको असलेली द्रव्यं जास्त असतात. मधली धार ठेवायची, शेवटची परत सोडायची. हा कारागिराच्या नाकाचा खेळ आहे.

मग ही पद्धत मागे का पडली? कोरियन युद्धानंतर देशात धान्याची टंचाई होती. १९६५ मध्ये पार्क चुंग-ही यांच्या सरकारने सोजूसाठी तांदूळ वापरायला बंदी घातली. माणसांना जेवायला तांदूळ हवा होता, त्यामुळे निर्णय समजण्यासारखा होता. पण त्यामुळे तांदळाची सोजू एका फटक्यात बेकायदा झाली. कंपन्यांनी रताळ्याचं आणि टॅपिओकाचं अल्कोहोल पाणी घालून विकायला सुरुवात केली. बंदी उठायला नव्वदचं दशक उजाडलं. तोवर तीसेक वर्षं गेली होती. एका पिढीला सोजू म्हणजे स्वस्त, पातळ, कामावरून दमून आल्यावर घशाखाली ढकलायची गोष्ट एवढंच माहीत होतं. १९२४ मध्ये जिनरोची सोजू ३५ टक्क्यांची होती. १९७३ मध्ये २५ झाली, १९९८ मध्ये २३, आणि आता १६च्या घरात. २०१५ मध्ये तिथे फळांच्या चवींची लाट आली आणि ती लाट आमच्या वाढदिवसापर्यंत पोचली. गंमत म्हणजे या फळवाल्या बाटल्यांवर कोरियात बऱ्याचदा 'लिकर', म्हणजे लिक्युअर, असा वर्ग छापलेला असतो. कायद्याच्या भाषेत ती धड सोजूही नाही.

बंदीच्या काळातही काही घरांनी आपली पद्धत विसरू दिली नाही. आंदोंग शहराची ४५ टक्क्यांची आंदोंग सोजू त्यातलीच. १९८७ मध्ये तिथल्या प्रांताने या कलेला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. मूळची प्योंगयांगची मुनबेजू ४० टक्क्यांची. ती ज्वारी-बाजरीच्या जातीच्या धान्यांपासून बनते. तिला रानटी नासपतीचा वास येतो, म्हणून हे नाव. आत नासपती मात्र अजिबात नसते. २०१८ मध्ये दोन्ही कोरियांचे नेते जेवायला बसले तेव्हा टेबलावर हीच होती.

क्राफ्टची नवी पिढी

आता कोरियातली तरुण मंडळी परत तांदळाकडे वळली आहेत. २००५ मध्ये 'ह्वायो' आली. तांदळाची, कमी दाबाखाली गाळलेली आणि 'ओंगी' म्हणजे मातीच्या रांजणात मुरवलेली. तिच्या बाटल्यांवर १७, २५, ४१, ५३ असे आकडे मोठ्या अक्षरात असतात. हे टक्के आहेत, वर्षं नव्हेत. २०१६ मध्ये ब्रुकलिनमध्ये एका अमेरिकन माणसाने 'टोक्की' सुरू केली. टोक्की म्हणजे ससा. नंतर त्याने बस्तान कोरियातच हलवलं. २०२२ च्या फेब्रुवारीत रॅपर जे पार्कने वोंजूच्या तांदळाची २२ टक्क्यांची 'वोन सोजू' काढली. ३७५ मिलीला १४,९०० वोन, आणि तरी सियोलच्या मॉलमधल्या पॉप-अप दुकानाबाहेर रांगा. तिथे साधी हिरवी बाटली दोन हजार वोनच्या आसपास मिळते.

इतका फरक का? फक्त ब्रँड म्हणून नाही. एक म्हणजे तांदूळ महाग, आणि पाणी न वाढवता गाळायचं तर तो लागतोही खूप. दुसरं, कोरियात सोजूवर ७२ टक्के मद्यकर आहे आणि तो किमतीवर लागतो. चांगला तांदूळ, चांगलं भांडं, जास्त दिवस मुरवणं, जे जे खर्च वाढवतं त्यावर कर वाढतो. स्वस्त बनवणाऱ्याला कर कमी, जीव ओतणाऱ्याला जास्त. त्यात आणखी एक गंमत आहे. तिथे 'पारंपरिक' गटात बसणारी दारूच ऑनलाइन विकता येते. स्थानिक शेतमाल वापरल्यामुळे अमेरिकन माणसाची टोक्की आणि रॅपरची वोन सोजू त्या गटात बसल्या, आणि रांजणात मुरवलेली ह्वायो बसली नाही. म्हणजे लेबलवरच्या 'पारंपरिक' या शब्दावरही डोळे झाकून जायचं नाही.

सोनेरी बाटलीचा मोह

हे सगळं मी का शोधत बसले, त्याचं आणखी एक कारण होतं. आमचा आतेभाऊ कोरियात पोस्टडॉक करतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून फिजिक्स-केमिस्ट्री करून कोरियाला गेलेली मुलं आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतील. दिवाळीला तो येणार होता. कझिन्सच्या ग्रुपवर त्याने विचारलं, "काय आणू?" सगळ्यांचं एकच उत्तर, "पीच सोजू!!!"

मी लिहिलं, "दादा, पीच नको. मी सांगते ती आण."

त्याला थोरल्या भाऊजींसाठी एकच बाटली आणायची होती. ते शनिवारी एक पेग व्हिस्की घेतात. आपल्याकडे येताना प्रत्येकी दोन लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता आणता येते, पण दादाच्या बॅगेत आत्याच्या फर्माइशी आधीच भरल्या होत्या. त्याने दुकानातून शेल्फचा फोटो पाठवला. एक पांढऱ्या चिनी मातीच्या बाटलीतली आंदोंग सोजू, एक ह्वायो, आणि एक झळाळती सोनेरी, ओकच्या पिंपात मुरवलेली. "सोनेरीवाली भारी दिसते. भाऊजी व्हिस्कीवाले आहेत, आवडेल. घेऊ?"

विचार चुकीचा नव्हता. पिंपात मुरलेली सोजू व्हिस्की पिणाऱ्याला जवळची वाटते. ओकच्या लाकडातून व्हॅनिलासारखा वास, तुरटपणा आणि रंग उतरतो. मधल्या काळात कोवळ्या दारूचा तिखटपणा कमी होतो. लोणचं मुरतं तसं. चांगली उदाहरणंही आहेत. ह्वायोची ओकमध्ये मुरवलेली ४१ टक्क्यांची 'एक्स प्रीमियम', टोक्कीची 'गोल्ड', आणि जिनरोने २०१८ मध्ये काढलेली, १८ वर्षं लाकडी पिंपात ठेवलेली ३१ टक्क्यांची इल्पुम.

पण पिंप जादू करत नाही. आधी दारू चांगली हवी, मग लाकूड. तांदळाचा वास नाजूक असतो. जास्त दिवस नव्या ओकमध्ये ठेवला तर तांदूळ मरतो आणि फक्त लाकूड उरतं. मग ती सोजू कशाला, व्हिस्कीच घ्या. जपानमध्ये तर शोचूला ठरावीक मर्यादेपेक्षा गडद रंग चालत नाही. पिंपात मुरवणाऱ्यांना तिथे रंग कमी करावा लागतो किंवा फिकट शोचू मिसळावी लागते. रंगावरून वय ओळखणं म्हणूनच फसवं आहे.

वर्षांचा आकडाही देश बघून वाचायचा. पिंपातून दारू थोडी थोडी उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के, आपल्याकडच्या उन्हात ती घट १० टक्क्यांच्याही पुढे जाते. उष्ण जागी लाकडाचा गुण लवकर उतरतो. म्हणून तिथली बारा वर्षं आणि इथली पाच वर्षं यांची थेट तुलना होत नाही.

मी दादाला म्हटलं, "मागची बाजू वाच. पहिला घटक कोणता?" तो कोरियन वाचतो. दोन मिनिटांनी मेसेज आला, "पहिला जुजंग. मग तांदळाची. वर्षं कुठेच नाहीत, फक्त ओक लिहिलंय." बाटलीचं नाव मी घेत नाही. त्यांनी काही खोटं लिहिलं नव्हतं. मागच्या बाजूला सगळं खरं होतं. फक्त पुढचा सोनेरी कागद काहीतरी वेगळं सुचवत होता, आणि किंमत तांदळाची लावली होती.

त्याने पांढरी चिनी मातीची बाटली घेतली.

आपल्याकडे बघताना

हे वाचून 'कोरियाचं काय एवढं' असं वाटेल. पण ही गोष्ट आपल्याकडेही घडलीय. मोहाची दारू ही आदिवासी समाजाची शेकडो वर्षांची कला. इंग्रज सरकारने १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात, ठाणे-कुलाबा भागात, मोहफुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावर निर्बंध आणले. तिकडे तांदूळ, इकडे मोह. त्यानंतर मोहाची दारू म्हणजे चोरटी, घाणेरडी, अशीच तिची ओळख राहिली. आता कुठे ती लेबल लावून, नीट गाळून बाजारात यायला लागलीय.

गोव्याची काजू फेणी नशीबवान ठरली. २००९ मध्ये तिला जीआय मिळालं. आणि फेणीला पिंपाची गरज कधी वाटली नाही. तिचा उग्र वास हीच तिची ओळख, तो झाकायचा कशाला? बाटली निवडताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. लाकडात ठेवली म्हणजे मोठी झाली, असं नाही.

मात्र 'गावठी, अस्सल, बिनलेबलची' याच्या मोहात कुणी पडू नका. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. क्राफ्ट म्हणजे कुणी, कुठे, कशापासून बनवलं हे सांगता येणं. नाव नसलेल्या बाटलीत यातलं काहीच नसतं.

बाटली हातात घेतली की

• आधी तुमचं वय. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१, कडक दारूसाठी २५, आणि वर परवाना लागतो. मी २२ वर्षांची आहे. म्हणजे सोजूच्या बाबतीत सध्या फक्त वाचक. फळाच्या चित्राने कायदा बदलत नाही.

• टक्के आणि मिली दोन्ही वाचा, गुणाकार करा, १३ ने भागा. स्मॉल पेग किती झाले ते कळेल.

• पहिला घटक बघा. तांदूळ किंवा दुसऱ्या धान्यापासून गाळलेली, की न्यूट्रल अल्कोहोल? कोरियन लेबल असेल तर 'जुजंग' शब्द शोधायला फोनचं भाषांतर ॲप पुरतं. जुजंग असणं हा गुन्हा नाही, पण त्याला क्राफ्टची किंमत देऊ नका.

• पिंपाचं नाव असेल तर तीन गोष्टी विचारा. किती वर्षं, कसलं लाकूड, आणि आत सगळी मुरलेलीच आहे की थोडीशी मिसळलीय?

• कुणासाठी घेताय? व्हिस्की पिणाऱ्याला पिंपातली आवडू शकते. ज्याला धान्याची चव बघायचीय त्याला रांजणातली किंवा बिनरंगाची. आणि जो पीत नाही त्याला बाटली भेट द्यायची नाही.

• गोड चव म्हणजे हलकी दारू नव्हे. रिकामं पोट, घाई आणि गाडीची चावी, तिन्ही लांब.

• कुणी हाकेला ओ देत नसेल तर 'झोपू दे' म्हणून सोडू नका. कुशीवर वळवा, एकटं ठेवू नका, १०८ ला फोन करा. ओरडा नंतर खाता येतो.

दिवाळीतला वास

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, आत्याच्या घरी बाटली उघडली. मम्मीने आधीच बजावलं होतं, "देवघराच्या खोलीत नको." म्हणून सगळे मागच्या पडवीत. भाऊजींनी छोट्या ग्लासात घेतली, पहिला घोट घेऊन डोळे मिटले, आणि म्हणाले, "कडक आहे. पण नाकात काहीतरी ओळखीचं येतंय." काय, ते त्यांना सांगता येईना.

दादाने पप्पांकडे बघितलं. "मामा, वास तरी बघता का?"

पप्पांनी माळेला हात लावला, थोडं थांबले, मग उजवा तळहात पुढे केला. दादाने दोन थेंब टाकले. पप्पांनी दोन्ही तळहात चोळले, नाकाशी धरले आणि थांबले. कामावर ते हेच करतात, असं ते म्हणतात. मी कधी बघितलं नव्हतं. पंचवीस वर्षं हा माणूस वास नसलेली दारू पास करत आलाय.

"पेज," ते म्हणाले. "खाली लागलेल्या भाताची पेज. ह्यात तांदूळ हाय."

थेट आचेवर गाळलेल्या सोजूला असा किंचित करपट वास येतो, हे मी वाचलं होतं. त्यांनी वाचलं नव्हतं.

मग नळाखाली हात धूत त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "किती टक्के?"

"पंचेचाळीस," मी म्हटलं. बाटली हातात न घेता.